थ्री-नॉट-थ्री हाती आल्यावर : जुन्या ली-एनफील्ड रायफलीची ओळख आणि जतन

अमेरिकेतल्या एखाद्या गन शोमध्ये मागच्या टेबलाजवळच्या लाकडी मांडणीत ग्रीसने माखलेल्या पाच-सात रायफली उभ्या असतात. त्यातली एक हातात घेऊन बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या हलत्या लोखंडी दांड्याच्या, मागची लोखंडी कड अंगठ्याने पुसली, की ग्रीसखालून आधी मुकुट, मग जी.आर.आय. ही अक्षरे आणि त्याखाली इशापूर हे नाव दिसू लागते. हुगळीकाठच्या कारखान्यात बनलेली ही रायफल शिपाई, पोलीस आणि कोठारे असा प्रवास करून इथवर आलेली असते. तालुक्याच्या ट्रेझरीवर थ्री-नॉट-थ्री खांद्याला लावून पहारा देणारा शिपाई ज्याने लहानपणी पाहिला आहे, त्या मराठी माणसाचा हात तिच्यावर थोडा जास्तच रेंगाळतो. अशी रायफल घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या, पण बंदुकीचा एकही स्क्रू कधी न काढलेल्या वाचकासाठी हा लेख लिहिला आहे.

जतन हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. जुनी लष्करी रायफल नवी दिसावी म्हणून खटाटोप करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हातून तिच्या अंगावरचा इतिहास पुसला जातो. गंज थांबावा, लाकूड जगावे, यंत्रणा नीट चालावी आणि कारखान्यापासून आजवर उमटलेली प्रत्येक खूण जागच्या जागी राहावी, एवढेच आपले काम आहे.

हात लावण्यापूर्वी

पहिला प्रश्न कायद्याचा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार ग्रीन कार्डधारकाला रायफल विकत घेता येते. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला मात्र, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक किंवा काडतूस नुसते जवळ बाळगणे हादेखील गुन्हा ठरतो. आपली रायफल मित्राच्या नावावर घेऊन घरी ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. तो कोणीही धरू नये, कारण त्यात घेणारा आणि ठेवणारा असे दोघेही अडकतात. दुकानातून खरेदी करताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. ५० वर्षांहून जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांसाठी ए.टी.एफ. हे संघीय खाते ‘क्युरिओ अँड रेलिक’ नावाचा वेगळा परवाना देते. राज्याराज्यांचे नियम याहून निराळे असल्याने आपल्या राज्याचा कायदा स्वतंत्रपणे पाहावा.

भारतातील वाचकांनी हा लेख माहितीपुरताच वाचावा. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर या रायफली निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. सामान्य परवान्यावर त्या बाळगता येत नाहीत, आणि शस्त्रांच्या दुरुस्तीलाही तिथे वेगळा परवाना लागतो.

कायद्यानंतरचा नियम दर वेळी, अगदी पुसायला घेतानाही, पाळायचा आहे. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढावे, बोल्ट मागे ओढावा, काडतूस बसते त्या पोकळीत, म्हणजे चेंबरमध्ये, डोळ्यांनी पाहावे आणि मग करंगळी घालून चाचपावे. डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही, कारण ग्रीसने भरलेल्या काळ्या चेंबरमध्ये बसलेले काडतूस दिसतेच असे नाही. ज्या टेबलावर काम करायचे त्या खोलीत जिवंत काडतूस असू नये.

खुणा वाचणे

ओळख पटवण्याचे काम मी नेहमी कागद, पेन्सिल आणि फोनचा कॅमेरा घेऊन करतो, आणि रायफल घरी आल्यानंतर पहिले दोन दिवस एकही हत्यार हातात घेत नाही. दस्ता लाकडाचा असला तरी तो ज्या लोखंडी खोबणीत बसतो, तिची उजवी बाजू म्हणजे रायफलीचा जन्मदाखला असतो. वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, वर्ष आणि शेवटी नमुना अशी ओळीने माहिती तिथे ठोकलेली असते. एनफील्ड हा इंग्लंडमधला सरकारी कारखाना. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅमची कंपनी, एल.एस.ए. लंडनची, आणि लिथगो ऑस्ट्रेलियातला कारखाना. इशापूरच्या रायफलींवर जी.आर.आय. असते, आणि त्यातला शेवटचा आय ‘इम्पेराटोर’ म्हणजे सम्राट या शब्दाचा आहे, कारण इंग्लंडचा राजा हिंदुस्थानचा सम्राटही म्हणवला जात असे. स्वातंत्र्यानंतरच्या इशापुरी रायफलींवर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली आणि आर.एफ.आय. ही अक्षरे आली. एकाच कारखान्यातल्या दोन रायफली शेजारी ठेवून हा बदल बोटाने चाचपता येतो, आणि माझ्या संग्रहातली माझी सर्वांत आवडती गोष्ट तीच आहे.

नमुन्याचे नाव नीट वाचावे. शॉर्ट मॅगझीन ली-एनफील्डचा मार्क ३ हा नमुना १९०७ साली आला. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी १९१६ मध्ये त्यातून मॅगझीनचा कट-ऑफ (मॅगझीन झाकणारी सरकती पत्री), लांब पल्ल्याच्या माऱ्याच्या बाजूच्या साइट्स (नेम धरण्याच्या खुणा) आणि मागची साइट डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय काढून टाकण्यात आली, आणि नावापुढे एक तारा लागला. म्हणून मार्क ३ आणि तारांकित मार्क ३ हे वेगळे आहेत. १९२६ नंतर याच रायफलीला नंबर १ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धातली नंबर ४ ही जाड नळीची, मागे भोकाची साइट असलेली वेगळी रायफल आहे. ती कॅनडात लाँग ब्रँचला आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीतही बनली. सॅव्हेजच्या रायफलींवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का आढळतो, आणि तो पाहून नवा खरेदीदार हमखास गोंधळतो.

इशापूरच्या एका नमुन्याबाबत जास्तच सावध राहावे लागते. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात तिथे ली-एनफील्डचाच आराखडा घेऊन ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी २ए आणि पुढे २ए१ या रायफली बनवल्या गेल्या. दुरून त्या थ्री-नॉट-थ्रीसारख्याच दिसतात. फरक मॅगझीनमध्ये आहे : .३०३ चे मॅगझीन १० गोळ्यांचे आणि तिरक्या तळाचे असते, तर या रायफलींचे १२ गोळ्यांचे आणि सरळ चौकोनी असते. .४१० मस्केट ही तिसरी भावंडे पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी जुन्या रायफलींपासूनच तयार झाली. त्यांच्या मॅगझीनच्या जागी बहुधा लाकडी ठोकळा असतो आणि नळीच्या आत वळणदार चरे नसतात. या तीन जातींची काडतुसे एकमेकांत कधीही चालत नाहीत. बाजारात सहज मिळणारे .४१० चे काडतूसही त्या मस्केटच्या मूळ चेंबरसाठी बनलेले नाही.

यानंतर अनुक्रमांक पाहावेत. मुख्य सांगाडा, नळी, बोल्टच्या मुठीचा मागचा भाग, पुढची लोखंडी टोपी म्हणजे नोज कॅप, मागच्या साइटच्या पानाची खालची बाजू आणि पुढच्या लाकडाचा तळ या ठिकाणी क्रमांक असतात. सगळे जुळले तर रायफल भाग्यवान समजावी, पण बोल्टचा क्रमांक जुळत नसेल तर ती केवळ किमतीची बाब राहत नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

बारीक शिक्क्यांमध्ये बाणाची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर ठोकलेले दिसले, तर रायफल सरकारी सेवेतून रीतसर विकली गेली असे समजावे. कॅनडाचा बाण सी या अक्षराच्या पोटात असतो आणि ऑस्ट्रेलियाचा दोन डी अक्षरांच्या मध्ये. ब्रिटनमधून व्यापारी मार्गाने बाहेर पडलेल्या रायफलीच्या नळीवर १८.५ टन असा दाबाचा आकडा आढळतो, कारण विक्रीपूर्वी तिची लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये परीक्षा झालेली असते.

डी.पी. ही दोन अक्षरे कुठेही दिसली तर तिथेच थांबावे. एन.सी.सी.त ज्यांनी कवायत केली आहे त्यांनी डी.पी. रायफल खांद्यावर वागवलेली असेल : ड्रिल पर्पज, म्हणजे केवळ कवायतीसाठी. झिजलेल्या, नापास झालेल्या रायफली या कामाला लावल्या जात, आणि कित्येकदा त्यांची नळी किंवा फायरिंग पिन मुद्दाम निकामी केली जाई. अशी रायफल भिंतीवर शोभते. तिच्यातून गोळी झाडण्याचा किंवा तिला पुन्हा चालती करण्याचा विचारही करू नये. तांब्याच्या तारेने पुढचे लाकूड गुंडाळलेल्या रायफली ग्रेनेड फेकण्यासाठी मजबूत केलेल्या असतात. ती तार हाच त्यांचा इतिहास असल्यामुळे ती उलगडू नये. मॅगझीनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू पाहून कोणा हौशी माणसाची डागडुजी असावी असे वाटते, पण तो इशापूरने लाकूड फाटू नये म्हणून स्वतः बसवलेला स्क्रू आहे.

सुटे करणे

या टप्प्यावर जितकी नुकसानी होते तितकी गंजामुळेही होत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. खाचेत घट्ट बसणारे, सरळ पात्याचे स्क्रू ड्रायव्हर आधी मिळवावेत. घरातल्या निमुळत्या पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने शंभर वर्षांचा स्क्रू एकदाच निसटतो आणि त्याचा माथा कायमचा कुरतडला जातो. न हलणाऱ्या स्क्रूवर पातळ तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर थांबावे, दुसऱ्या दिवशीही हलला नाही तर पुन्हा थांबावे.

नंबर १ चा क्रम असा आहे. मॅगझीन आणि बोल्ट काढल्यावर नोज कॅपचे दोन स्क्रू, एक आडवा आणि एक खालचा, काढून टोपी हळूहळू पुढे सरकवावी. इथे रायफल उलटी धरू नये. नळीच्या खाली लाकडात एक छोटी स्प्रिंग आणि तिच्यावर बोटाच्या पेरापेक्षा लहान लोखंडी खुंटी बसलेली असते. ती नळीला खालून वर ढकलत असते. टोपी निघताच ती सुटते आणि गालिच्यात हरवते. मी आता टेबलावर पांढरी चादर अंथरून, तिच्या कडा गुंडाळून मगच हे काम करतो. त्यानंतर पट्ट्याची कडी असलेला बाहेरचा बँड काढावा, आणि त्याखालचा आतल्या बँडचा स्क्रू त्याच्या स्प्रिंग व वॉशरसकट जपून ठेवावा. नळीवरची लाकडी झाकणे स्प्रिंगच्या चिमट्यांनी बसलेली असतात. मागच्या झाकणाचे साइटच्या दोन्ही बाजूंना आलेले पातळ कान ओढाताणीत तुटतात, म्हणून ते दोन्ही बाजूंनी सारखे उचलावे.

मग घोड्याभोवतीच्या कडीचे, म्हणजे ट्रिगर गार्डचे, स्क्रू काढावेत. पुढच्या स्क्रूभोवती लाकडात एक छोटी लोखंडी नळकांडी असते. ती हरवली तर पुढे स्क्रू आवळताना लाकूड चिरडते. पुढचे लाकूड नळीच्या टोकाकडून उचकटू नये. मागच्या बाजूला हात धरून ते सरळ खाली उतरवावे. सांगाड्याचा धक्का ज्या दोन लाकडी कोपऱ्यांवर बसतो ते कोपरे तेलाने मऊ झालेले असतात आणि तिरक्या जोराने तुटतात. एकदा ते गेले की रायफल नीट नेम धरत नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम दस्त्याचा आहे. नंबर १ मध्ये दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टचे (हा दस्त्यातला स्क्रू, काडतुसाचा हलता बोल्ट नव्हे) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना दस्त्याचा बोल्ट फिरवला, तर ते टोक आतल्या आत फिरते आणि लाकूड उभे चिरते. म्हणून पुढचे लाकूड आधी, दस्ता नंतर, आणि दस्ता डुगडुगत नसेल तर तो काढूच नये.

ग्रीस, गंज आणि लाकूड

साठवणीचे ग्रीस काढण्यासाठी लोखंडी भाग मिनरल स्पिरिटमध्ये भिजवून ब्रशने धुवावेत. पेट्रोल वापरू नये, खोली बंद ठेवू नये, हातमोजे घालावेत. लाकडात मुरलेले ग्रीस मात्र उन्हाने काढावे : लाकूड जुन्या सुती कापडात गुंडाळून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, कडक उन्हात ठेवावे आणि वर आलेले ग्रीस पुसत राहावे. चार-पाच दिवस लागतात.

गंजाचे दोन प्रकार ओळखावेत. काळपट, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर हा वयाचा रंग आहे. त्याला हात लावू नये. लाल, भुसभुशीत आणि बोटाला लागणारा गंज जिवंत असतो. त्यावर तेल लावून अतिशय बारीक, म्हणजे चार शून्यांच्या स्टील वूलने हलक्या हाताने चोळावे आणि मळलेले तेल वरचेवर पुसावे. फिरते वायर ब्रश, पॉलिशचे चाक किंवा गंज विरघळवणारे तीव्र आम्ल यांना घरात आणू नये, कारण दोन मिनिटांत शिक्क्यांच्या कडा गोल होतात. बँड, नोज कॅप, स्क्रू अशा लहान भागांसाठी मला उकळण्याची जुनी पद्धत आवडते. भाग तेलविरहित करून डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळला की लाल गंज डोळ्यांदेखत काळा होऊ लागतो, कारण लोखंडाचे लाल ऑक्साइड काळ्या, स्थिर ऑक्साइडमध्ये बदलते. वरची काळी भुकटी तेलविरहित स्टील वूलने झाडली, भाग गरम असतानाच तेल लावले, की मूळ रंगाशी मिळताजुळता पृष्ठभाग उरतो. नंतरच्या इशापुरी रायफलींवरचा काळा रंग सैन्याने किंवा कारखान्यानेच दिलेला असू शकतो, म्हणून तो खरवडण्याआधी शांतपणे विचार करावा.

लाकडाला पॉलिश पेपर लावू नये. माझ्या पहिल्या रायफलीच्या दस्त्यावर उजव्या बाजूला फिकट गोल शिक्का होता. तो शिक्का आहे हे मला कळलेच नाही, आणि डाग समजून मी तो घासून काढला. त्या वर्तुळात काय लिहिले होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही. खोक पडलेल्या जागी लाकूड तुटलेले नसून दबलेले असते. तिथे ओले सुती कापड ठेवून वरून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे. वाफेने तंतू फुगतात आणि खोक भरून येते. शिक्क्यांवर मात्र हा उपाय करू नये, कारण तेही दबलेले लाकूडच असते.

यानंतर जवसाचे तेल. ब्रिटिश आणि हिंदी सैन्यात दस्त्याला कच्चे जवसाचे तेलच चोळले जाई, आणि अक्रोडाच्या लाकडावरचा तो तांबूस, खोल रंग कोणत्याही वॉर्निशने येत नाही. तळहातावर चार थेंब घेऊन तळवा गरम होईपर्यंत चोळावे, तासाभराने उरलेले पुसावे, दोन दिवस वाळू द्यावे, आणि असे सहा-सात वेळा करावे. आतल्या बाजूलाही हात फिरवावा. तेलाची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नयेत : जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. ती अंगणात दोरीवर पसरून वाळवावीत.

नळी, आणि गोळी झाडण्याचा प्रश्न

ली-एनफील्डचा बोल्ट काढला की नळी मागूनच साफ करता येते, आणि तसेच करावे, म्हणजे सळईने तोंडाकडचे चरे झिजत नाहीत. कांस्याचा ब्रश आणि चिंध्या यांनी आठवडाभर रोज थोडे काम केल्यावर बहुतेक काळ्या नळ्या आतून चमकू लागतात. मग उजेडाकडे धरून पाहावे : नंबर १ चे पाच चरे डाव्या बाजूला वळत जाताना स्पष्ट दिसले पाहिजेत. मध्येच गडद कडे दिसले तर नळी तिथे फुगलेली असण्याची दाट शक्यता असते.

रायफल जोडून बोल्ट रिकाम्या चेंबरवर चालवून पाहिल्यावर, ती झाडायची की नाही हे आपण ठरवू नये, बंदुकीच्या जाणकार कारागिराने ठरवावे. त्याला हेडस्पेस मोजायला सांगावे, म्हणजे काडतुसाच्या कडेसाठी बोल्ट आणि नळी यांमध्ये किती जागा उरते ते. .३०३ साठी ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या गेजवर होता कामा नये. बोल्टचा क्रमांक जुळत नसेल तर ही तपासणी झाल्याशिवाय एकही काडतूस आत घालू नये. नंबर ४ साठी शून्य ते तीन अशा मापांची बोल्टची डोकी मिळतात. नंबर १ ची डोकी कारखान्यात हाताने बसवली जात, त्यामुळे तिथे अंदाजाने अदलाबदल करणे धोक्याचे आहे.

जुनी लष्करी काडतुसे वापरली तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यांच्या प्राइमरमधल्या, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या पेटणाऱ्या टिकलीतल्या, पोटॅशियम क्लोरेटपासून जळल्यावर क्षार तयार होतो, तो हवेतला ओलावा खेचतो आणि एका रात्रीत नळी गंजवतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून झाडून आल्यावर त्याच संध्याकाळी नळीतून उकळते पाणी ओतावे, कोरड्या चिंध्या ओढाव्यात आणि मग तेल लावावे. बोल्टचे तोंडही पाण्याच्या फडक्याने पुसावे.

रायफल चामड्याच्या किंवा स्पंजच्या पेटीत वर्षानुवर्षे ठेवू नये, त्या ओल धरतात. कुलूपबंद लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसह उभी ठेवावी, बोल्ट वेगळ्या जागी कुलपात ठेवावा, आणि महिन्यातून एकदा तेलाचे फडके फिरवावे. काढलेले फोटो, लिहून घेतलेले क्रमांक आणि केलेले प्रत्येक काम तारखेसह एका वहीत नोंदवून ती वही कपाटातच ठेवावी. दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीत एक छोटे झाकण असते. ते उघडले की आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी, पुल-थ्रू, ठेवण्याची जागा सापडते. बहुतेक रायफलींत ती रिकामी असते. या दोन्ही जुन्या वस्तू अजून मिळतात, त्या आणून तिथे ठेवाव्यात आणि झाकण लावावे.